हवापालटाच्या बंगल्यांशी आपलं काय देणंघेणं?

पोस्ट मोठी आहे. देवळाली कॅम्प, भगूर, नाशिकरोडकडच्या मंडळींनी सवडीने वाचावी. पटलं नाही तर मोकळेपणाने सांगावं, कारण विषय वादाचा आहे आणि वाद व्हायलाच हवा.

विषय आहे देवळाली कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांचा. लॅम रोडने जाताना, हौसन रोडच्या आतल्या गल्ल्यांत, खंडोबाच्या टेकडीच्या बाजूला ते आपण रोज बघतो. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, तीन बाजूंनी व्हरांडा, फाटकाच्या खांबावर झिजलेली संगमरवरी पाटी, आणि आत एवढी झाडी की घर दिसतच नाही. वर्षातले दहा महिने बंद. मे महिन्यात आणि दिवाळीत दिवे लागायचे, आता तेही कमी झालंय. काहींच्या फाटकाला पत्रे ठोकलेत. पत्रे लागले की पुढे काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

या विषयावर काही बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "मुंबईच्या श्रीमंतांची सुट्टीची घरं ती. पडली तर पडली. आपल्याला काय त्याचं?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच आधी थोडा इतिहास सांगतो, मग उत्तराकडे येतो.

नाशिकला विश्रांतीसाठी घर बांधण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. मोगलाईत या शहराचं नावच गुलशनाबाद होतं, म्हणजे बागांचं गाव. पेशवाईत राघोबादादांनी शहराच्या पश्चिमेला, गोदेच्या काठी वाडा बांधला आणि त्या गावाला आनंदवल्ली हे नाव मिळालं. त्याच नदीवर थोडं वर, गंगापूरला, थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई येऊन राहिल्या. १७८८ साली त्या वारल्या. राघोबादादा १७८३ मध्ये कोपरगावला गेले. त्यांच्यामागे आनंदीबाई आणि मुलं नाना फडणवीसांच्या नजरकैदेत होती. १७९३ मध्ये त्यांना कोपरगावहून आनंदवल्लीला आणलं. कारण काय, तर तरुण मुलांना शिकारीला आणि मोकळं फिरायला ही जागा बरी. त्या मुलांमधला एक म्हणजे पुढचा दुसरा बाजीराव, तेव्हा अठरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी आनंदीबाई तिथेच वारल्या.

म्हणजे मराठ्यांच्या राजकारणातला केवढा मोठा तुकडा गंगापूर रोडवरच्या या दोन गावांत घडला बघा. आज आनंदवल्लीत जाऊन वाडा शोधा. वाड्यापेक्षा वाड्याची जागा बोटाने दाखवणारीच माणसं जास्त भेटतील. नवश्या गणपतीला गर्दी असते, ते देऊळही राघोबादादांच्या घराण्याशी जोडलेलं आहे असं परंपरा सांगते. देऊळ टिकलं, कारण तिथे रोज पूजा होते. बाग टिकली नाही, कारण बागेला कुणी वारसा मानलंच नाही.

आता देवळालीकडे येऊ.

देवळालीची गोष्ट दोन रुळांवर चालते, लष्कर आणि रेल्वे. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथे फौजेचा तळ टाकला. हिंदुस्थानातली नोकरी संपवून विलायतेला परत निघालेले गोरे सोजीर इथे बोटीची वाट बघत थांबायचे. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायच्या. ज्याची बोट चुकली त्याला पुढच्या हंगामापर्यंत इथेच बसावं लागायचं. काम नाही, ऊन आहे, दारू आहे, ताप आहे. काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत शब्दच पडला, 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. वेड लागलेल्या माणसाला इंग्लंडात अजूनही डूलाली म्हणतात. जगाच्या शब्दकोशात आपल्या गावाचं नाव गेलं ते असं. १९७४ मध्ये बीबीसीने या तळावर एक विनोदी मालिकाही काढली आणि ती कित्येक वर्षं चालली.

दुसरा रूळ रेल्वेचा. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा चढ १८६५ मध्ये रेल्वेने पार केला. तोपर्यंत मुंबईहून इकडे यायचं म्हणजे घाटात बैलगाडीचे हाल. घाट उघडला आणि मुंबईचा माणूस सकाळी निघून दुपारी देवळाली स्टेशनवर उतरू लागला. अंतर सुमारे १८० किलोमीटर. उंची जेमतेम १८०० फूट, म्हणजे महाबळेश्वर-माथेरानपेक्षा कमीच. पण हवा कोरडी. मुंबईच्या दमट हवेने ज्यांच्या छातीत घरघर सुरू व्हायची त्यांना डॉक्टर सांगायचे, महिना दोन महिने देवळालीला जा.

हे 'जा' किती महत्त्वाचं होतं ते आज कळणार नाही. क्षयावर नेमकं औषध निघालं ते १९४० च्या दशकात. त्याआधी औषध म्हणजे चांगली हवा, चांगलं खाणं आणि आराम. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तर लाखो लोकांनी शहर सोडलं. शहराबाहेर मोकळ्या जागेत एखादं घर असावं ही त्या काळच्या पैसेवाल्या मुंबईकराची चैन होती तशी भीतीही होती. कुणी समुद्रकाठी अलिबाग-किहीमला घर घेतलं, कुणी माथेरानला, कुणी पाचगणीला. आणि पारशी, गुजराती, कच्छी, खोजा, बोहरी अशा अनेक मंडळींनी देवळालीत. ज्यांना बंगला परवडत नव्हता त्यांच्यासाठी त्या त्या समाजाच्या धर्मादाय संस्थांनी सॅनिटोरियम बांधली. नाव दवाखान्याचं, पण आत ओळीने खोल्या, प्रत्येकीला चूल आणि ओटा. नाममात्र भाड्यात कारकुनाचं कुटुंबही महिनाभर हवापालट करून जाई.

तेव्हा 'ही सगळी श्रीमंतांची घरं' हे म्हणणं पहिल्यांदा इथे अडतं. निम्मी देवळाली उभी राहिली ती मध्यमवर्गीय आजाऱ्यांसाठी.

मुंबईचे फळांचे व्यापारी गुलाम सरवर खान आपलं कुटुंब घेऊन देवळालीत आले तेही एका मुलाच्या प्रकृतीसाठी. त्यांचा मुलगा युसूफ इथल्या बार्न्स शाळेत शिकला. तो पुढे दिलीपकुमार झाला. ही शाळाही मुंबईहून हवा शोधत आलेली. भायखळ्याच्या जुन्या शिक्षणसंस्थेने १९२५ मध्ये मुलांना राहून शिकता यावं म्हणून देवळालीत ती सुरू केली.

आता घराकडे नीट बघा. हे बंगले कुण्या मोठ्या वास्तुविशारदाच्या नावाने ओळखले जात नाहीत. पण ते आपल्या हवेला ओळखून बांधलेले आहेत. काळ्या दगडाचं उंच जोतं, म्हणजे पावसाळ्यात ओल वर चढत नाही. खोल व्हरांडा, म्हणजे एप्रिलचं ऊन भिंतीला लागतच नाही. छत उंच आणि वर झरोके, म्हणजे गरम हवा निघून जाते. स्वयंपाकघर मागे, वेगळं, म्हणजे धूर आणि आगीचा धोका लांब. छपरावरची कौलं बाझल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तिथल्या वळणाची. तो कारखानाही १८६५ चाच, थळ घाटाच्याच वर्षातला. रेल्वे झाली आणि किनाऱ्यावरची कौलं घाटावर आली. एका छपरात एवढा इतिहास असतो. आज आपण काचेच्या इमारती बांधतो आणि मग वातानुकूलनाचं बिल भरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या गवंड्याला बिलाशिवाय गारवा करता येत होता.

आणि बाग. माझ्या मते घरापेक्षा मोलाची बागच आहे.

एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात उभं राहून झाडं मोजा. गुलमोहर, मूळचा मादागास्करचा. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. वर्षावृक्ष, ज्याला आपण शिरीष समजून बसतो, तोही अमेरिकेचा. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा. हे सगळे पाहुणे समोर, दिवाणखान्यातून दिसतील असे. आणि मागे विहिरीजवळ आपले आंबा, जांभूळ, चिंच, कढीपत्ता, लिंबू, शेवगा. पुढची बाग मालकाची, मागची बाग माळ्याची. कोणतं झाड कुठे आहे यावरून त्या घरात कोण कुठे वावरत होतं हे कळतं. कागदपत्रांत हे सापडत नाही.

वर्तमानपत्राच्या कामासाठी मागे एका बंद बंगल्याची पाणीपट्टीची बातमी करत होतो. मालक परदेशात, वारसांचा पत्ता नाही. मागच्या खोलीत सत्तरीचे माळीबाबा राहतात, त्यांचे वडीलही त्याच आवारात माळी होते. मी विचारलं, बाबा, पगार कोण देतं? म्हणाले, "पगार कधीच बंद झाला. पन हे आंबे माह्या बापानं लावले, त्याला कोन पानी घालंन?" मग त्यांनी मला अख्खं आवार दाखवलं. हा आंबा कोणत्या दुष्काळात जगवला, ही विहीर कधी खोल केली, या ओट्यावर बाईसाहेब कुठे बसायच्या, मुलांना पोहायला शिकवायला दारणेवर कोण न्यायचं. सगळं तोंडपाठ. त्यांच्या आठवणीतलं कुठेही लिहिलेलं नाही. बंगला पाडला तर मालकाला पैसे मिळतील. बाबांच्या वडिलांचे आंबे आणि राहती खोली दोन्ही जातील आणि त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नसेल.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. बंगले मुंबईच्या मालकांचे असतील, पण ते उभे राहिले आपल्या माणसांच्या हातांवर. दगड फोडला आपल्या वडारांनी, बागा जगवल्या आपल्या माळ्यांनी. भाजी आणि दूध जायचं ते संसरी, बेलतगव्हाण, वडनेर, भगूरच्या शेतांतून. टांगेवाले, धोबी, आया, स्वयंपाकी, पाव भाजणारे, सगळी देवळालीची बाजारपेठ या घरांनी पोसली आणि या घरांना बाजारपेठेने पोसलं. आपल्या आजीच्या स्वयंपाकात एखादा पारशी किंवा गुजराती पदार्थ कसा आला, देवळालीचा जुना माणूस गुजराती एवढं सहज कसं बोलतो, याचं उत्तर या बंगल्यांच्या मागच्या दारात आहे. हा आपलाच इतिहास आहे, फक्त सातबारावर आपलं नाव नाही.

शेजारी भगूरला सावरकरांचा वाडा शासनाने स्मारक म्हणून जपला आहे. योग्यच केलं. पण आपल्याकडे घर जपलं जातं ते मोठा माणूस जन्मला म्हणून. घर स्वतः काही सांगतं, बाग स्वतः काही सांगते, हे मानायची आपल्याला सवय नाही. एक उदाहरण देतो. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसल्याने किहीमला समुद्रकाठच्या घरी जाऊन राहिले. मुंबईत राहणं परवडत नव्हतं. तिथे घराच्या आसपास सुगरणींची वसाहत होती. दिवसचे दिवस ते ती न्याहाळत बसले आणि सुगरण नर एकामागून एक घरटी विणून एकेका मादीशी संसार कसा थाटतो हे त्यांनी जगाला दाखवलं. त्या कामाने त्यांचं नाव झालं. प्रयोगशाळा नव्हती, किनाऱ्यावरची झाडी होती. अशी झाडी शंभर वर्षं न तोडता राहिली तर त्यात काय काय सापडेल याचा हिशेब कोण करणार?

आता कायद्याचं बघू, कारण खरी भीती तिथे आहे.

केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते, आणि तेवढ्यावर भागत नाही, ती राष्ट्रीय महत्त्वाची ठरावी लागते. आपल्या राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड हे वारसा वृक्ष ठरतं. म्हणजे बंगल्यातला आंबा वारसा आणि आंबा लावणाऱ्याने बांधलेली विहीर वारसा नाही, असा आपला हिशेब. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, इमारतींच्या श्रेणी ठरल्या, त्यामुळे थोडंफार वाचलं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, तिथे बांधकामाला लगाम बसला. देवळाली त्यांच्याइतकीच हवापालटाची जागा, पण थंड हवेचं ठिकाण म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही.

मग देवळाली आजवर वाचली कशी? वारसाप्रेमाने नाही, कॅन्टोन्मेंटच्या नियमांनी. देशभरातल्या छावण्यांत बऱ्याच बंगल्यांची जमीन 'ओल्ड ग्रँट'वर किंवा लीजवर असते. ओल्ड ग्रँट म्हणजे जमीन सरकारची, वरचं बांधकाम धारकाचं. सरकारला वाटलं तर नोटीस देऊन, बांधकामाची भरपाई देऊन जागा परत घेता येते. लीज असेल तर तीस तीस वर्षांनी नूतनीकरण, तेही नव्वद वर्षांपर्यंत. खरेदी-विक्रीला परवानगी, वाढीव मजल्याला परवानगी, दुरुस्तीलाही परवानगी. या जाचाने मालक कंटाळले हे खरं आहे. कौलं बदलायची तर कागद फिरवण्यात दोन पावसाळे जातात आणि तोवर वासे कुजतात. वारसही एकाचे चौदा झालेले. त्यांच्या अडचणीकडे डोळेझाक करून वारसा वारसा करणं प्रामाणिक नाही. पण याच जाचामुळे उंच इमारती आत आल्या नाहीत आणि बागा राहिल्या, हेही तितकंच खरं.

आता हे बदलणार आहे. कॅन्टोन्मेंटचे नागरी भाग वेगळे काढून स्थानिक स्वराज्य संस्थांना जोडायचं केंद्राचं धोरण आहे. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून सुरुवात झाली. देवळालीचीही चर्चा जोरात आहे. महापालिकेत जायचं की वेगळं राहायचं, यावर हौसन रोडच्या टपरीवरही वाद रंगतो. माझा त्या वादात आज पक्ष नाही. नागरिकांना रस्ते, पाणी, घरदुरुस्तीचा हक्क मिळालाच पाहिजे. छोट्या घरात राहणाऱ्या माणसाला वरचा मजला चढवता येत नाही, हा अन्याय संपलाच पाहिजे. पण ज्या दिवशी चटईक्षेत्र वाढेल त्या दिवशी सगळ्यात आधी कुणाच्या फाटकावर बिल्डर उभा राहील? एक मजल्याचं घर आणि भोवती मोकळी बाग, बिल्डरला दुसरं काय हवं? त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, शहराच्या जमिनीचे भाव आणि रस्त्यांची रुंदी दोन्ही वाढणार.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत.

एक. हद्दीचा निर्णय काहीही होवो, त्याआधी देवळालीतल्या जुन्या बंगल्यांची, सॅनिटोरियमची आणि त्यांच्या आवारांची नावानिशी, नकाशासह यादी करून लोकांसमोर ठेवा. झाडांची गणना त्यातच करा. वय, जात, जागा.

दोन. सगळं जपता येणार नाही, हे मान्य करून श्रेणी लावा. काही घरं जशीच्या तशी, काहींचा दर्शनी भाग आणि बाग, काहींची फक्त झाडं. जिथे फक्त झाडं वाचवायची आहेत तिथे मालकाला मागच्या भागात बांधू द्या.

तीन. जो मालक घर जपेल त्याला घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीची परवानगी ठरावीक मुदतीत द्या. जपणाऱ्याला शिक्षा आणि पाडणाऱ्याला बक्षीस, हे उलटं गणित आधी सुलटं करा. बंद सॅनिटोरियम वसतिगृहाला, वाचनालयाला, वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्राला भाड्याने देता येतील. ती त्याचसाठी बांधली होती, लोकांच्या उपयोगाला.

चार. बंगल्यांच्या मागच्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माळी-रखवालदार कुटुंबांचा विचार या यादीत पहिल्या पानावर असू द्या, तळटिपेत नको. त्यांचं पुनर्वसन ठरल्याशिवाय एकही पाडकाम नको.

आणि आपण काय करू शकतो? आपल्या घरात कुणी या बंगल्यांत काम केलं असेल, दूध घातलं असेल, टांगा हाकला असेल, तर त्यांना बसवून विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. जुने फोटो असतील तर मागे नाव आणि साल लिहून ठेवा. मी येत्या महिन्यापासून दर रविवारी एका बंगल्याची माहिती इथे टाकणार आहे. मालकाची खासगी माहिती नाही, फक्त घर, झाडं आणि तिथे राबलेल्या माणसांच्या आठवणी. माळीबाबांच्या आवारापासून सुरुवात करतोय, त्यांनी हो म्हटलंय. पुढचा बंगला कुठला घ्यायचा ते तुम्ही सुचवा.